विचारलं, तर बाया सांगतात

‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या १४ जानेवारी १९८९च्या अंकात गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांवरचा शोधनिबंध छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावांतल्या ६५० स्त्रियांची स्त्रीरोगतपासणी केली होती. दवाखान्यात आपणहून आलेल्या रुग्णांचा हा अभ्यास नव्हता. गावात राहणाऱ्या, रोज शेतावर जाणाऱ्या, स्वतःला आजारी न समजणाऱ्या बायकाही त्यात होत्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा किंवा लैंगिक संबंधांशी निगडित असा एक तरी आजार निघाला. सरासरी काढली तर बाईमागे ३.६ आजार. त्यांतले निम्मे नुसते जंतुसंसर्ग होते, म्हणजे वेळेवर औषध मिळालं तर बरे होणारे.

या निबंधातला आणखी एक आकडा तितकाच महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. या आजारांसाठी पूर्वी कधी तरी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. आणि ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं हे बाईच्या जन्माला लागलेलंच असतं असं ज्यांना लहानपणापासून दिसत आलं, त्या त्याला दुखणं तरी का म्हणतील?

त्या काळात सरकारी आरोग्ययंत्रणेच्या लेखी गावातली बाई दोनच प्रसंगी दिसायची: ती गरोदर असताना आणि तिची नसबंदी करायची असताना. नसबंदीची उद्दिष्टं ठरलेली, आणि नर्सबाईच्या वर्षभराच्या कामाचा हिशेबही त्यावरच व्हायचा. पाळी आल्यापासून ती जाईपर्यंतच्या तीसपस्तीस वर्षांत, गर्भारपण सोडून, तिच्या शरीराचं काय होतं याची नोंद करायला कुठल्या रजिस्टरात रकानाच नव्हता. १९९४मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्या-नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य हे धोरणाचं सूत्र म्हणून मान्य केलं. भारताने १९९६मध्ये उद्दिष्टं मागे घेतली आणि १९९७मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला. या बदलामागे जगभरच्या स्त्रियांच्या चळवळी होत्या, आणि गडचिरोलीच्या दोन गावांनी पुरवलेला पुरावाही होता.

आज देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेणारी मुलं हा निबंध वाचतात. त्यांच्यातली एखादी विद्यार्थिनी लैंगिक आणि प्रजनन आरोग्याभोवतीची लाज हाच विषय पीएच.डी.ला घेते, तेव्हा तिला सगळीकडून एकच वाक्य ऐकू येतं: ‘आपल्याकडे बायका याविषयी बोलत नाहीत.’ मार्गदर्शक सांगतात, आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतात, घरचेही सांगतात. हे वाक्य गृहीत धरून प्रबंध लिहिता येतो. पण महाराष्ट्र आणि गोव्यात गेल्या शंभर वर्षांत जे घडलं ते ओळीने मांडलं, तर हे वाक्य टिकत नाही.

पत्रं लिहिणारे वाचक

रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्या कामापायी नोकरी गमावली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसार सांभाळला म्हणून हे सगळं शक्य झालं.

अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांवर खटले भरले गेले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी दिलेल्या उत्तरांवर. लैंगिक आरोग्यासाठीच निघालेल्या मासिकाला वाचक असेच प्रश्न विचारणार आणि त्याने उत्तरं दिलीच पाहिजेत, अशी आंबेडकरांची भूमिका होती. कोर्टाने ती मानली नाही आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

लाजेचा अभ्यास करणाऱ्याने या खटल्यापाशी थांबायला हवं. १९३०च्या दशकातली मराठी माणसं स्वतःच्या शरीराबद्दल, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल पत्रं लिहून विचारत होती. विचारणाऱ्यांची कमतरता नव्हती. उत्तर देणाऱ्याला मात्र शिक्षा झाली. पुढे २००७मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला, तेव्हाही मुलांनी ‘आम्हाला नको’ म्हटलेलं नव्हतं. विरोध मोठ्यांचा होता, त्यांतही सभागृहांत बसणाऱ्यांचा. त्याच काळात राणी बंग ‘तारुण्यभान’ या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाची शिबिरं घेत होत्या आणि तिथे मुलंमुली मोकळेपणाने प्रश्न विचारत होती.

हळदोण्याच्या बायका काय सांगत होत्या

गडचिरोलीत आजार होते, पण जवळपास निम्म्या बायकांची तक्रार नव्हती. गोव्यात वेगळं चित्र दिसलं. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१पासून बार्देश तालुक्यातल्या हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरात २,४९४ स्त्रियांचा अभ्यास केला. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार सुमारे १४.५ टक्के स्त्रियांनी केली. संशोधकांनी प्रयोगशाळेत जंतूही तपासले आणि मनावरचा ताणही मोजला. तेव्हा दिसलं की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक कारणांशी जास्त जवळचा आहे. ज्या स्त्रियांमध्ये नैराश्याची, चिंतेची आणि सतत कुठे ना कुठे दुखत राहण्याची लक्षणं होती, त्यांच्यात ही तक्रार अधिक होती.

‘मला घरात सहन होत नाही’ हे कुणाजवळ म्हणायची सोय नसलेली बाई दवाखान्यात येऊन ‘अंगावरून जातं, अशक्तपणा वाटतो’ असं सांगते. ती बोलत असते, आणि समोरचा डॉक्टर तेवढंच ऐकून गोळ्या लिहून देतो. अनेक आरोग्य केंद्रांत तर नुसत्या तक्रारीवरून, तपासणी न करता प्रतिजैविकं देण्याची पद्धत रूढ झाली. हळदोण्याचा अभ्यास सांगतो की अशाने पुष्कळ बायकांना नको ते औषध मिळतं आणि हवी ती मदत मिळत नाही. गडचिरोलीचा अभ्यास त्याला जोड देतो: ज्यांची तक्रारच नाही, त्या या पद्धतीतून पूर्ण सुटतात. दोन्हीकडे चूक एकच होते. कुणी बसून नीट विचारत नाही आणि नीट तपासतही नाही.

उस्मानाबादमध्ये आलेल्या हजारो

‘बायका तपासणीला येत नाहीत’ या समजुतीची सगळ्यात मोठी परीक्षा मराठवाड्यात झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था हे तिचे भागीदार. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गटांत नेहमीची आरोग्यसेवा.

बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के तपासणीला आल्या. हा जिल्हा दुष्काळी, शिक्षण कमी, बायकांचे दिवस शेतात जाणारे. ही तपासणी हाताची नाडी बघण्यासारखी नव्हे. टेबलावर झोपून अंतर्गत तपासणी करून घ्यायची होती. तरी त्या आल्या. कारण आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या, काय होणार आणि का होणार ते समजावलं, तपासणी गावाजवळ ठेवली आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्या उपचाराची सोय केली. डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढे गेलेल्या कर्करोगाचं आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही गटात ३४.

हे ६४ मृत्यू विसरता येत नाहीत. नेहमीच्या सेवेत ही तपासणी नसतेच, तेव्हा तुलनेसाठी ठेवलेल्या ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणीच न करणं योग्य होतं का, यावर पुढे कडाडून टीका झाली, आणि ती रास्त आहे. संशोधनाला पुरावा मिळाला, त्याची किंमत गरीब बायकांनी मोजली. त्या पुराव्याचं नंतर काय झालं, हा प्रश्न म्हणूनच जास्त टोचतो.

केंद्र सरकारने २०१६मध्ये चौकट आखली: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अॅसिटिक अॅसिडची तपासणी, प्राथमिक स्तरावर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या होत्या सुमारे २ टक्के. एका जिल्ह्यात बोलावल्यावर ८० टक्के येतात, आणि देशभरात तपासणी होते २ टक्क्यांची. मधलं अंतर लाजेने पडलेलं नाही. बोलावणंच पोचलेलं नाही.

शेजारचा जिल्हा

धाराशिवला लागूनच बीड. दिवाळी झाली की इथली गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला निघालेलं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत फडातून सुटका नाही. खाडा पडला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. पहाटे अंधारात तोड सुरू, डोक्यावर मोळी, राहायला पाल, संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. अशात संसर्ग झाला नाही तरच नवल.

२०१९मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहाजणींत एकीची. १५ ते ४९ वयोगटात देशाची सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पाहणीतल्या वयोगटांत फरक असला तरी ही दरी वयाने भरून निघत नाही, कारण यांतल्या अनेकींची शस्त्रक्रिया चाळिशीच्या आतच झाली होती.

‘बायकाच पिशवी काढून मागतात, पाळीची कटकट नको म्हणून’ असंही तेव्हा म्हटलं गेलं. ज्या बाईला पाळीच्या दिवशी सुट्टी घेतली की दंड, जिला खाजगी दवाखान्यात सांगितलं जातं की ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’, आणि जिच्या गावच्या सरकारी केंद्रात तपासून खरं सांगणारं कुणी नाही, तिने केलेल्या मागणीला निवड म्हणता येत नाही. तिने लाज बाजूला ठेवून दवाखाना गाठला होता, पांढरं जातं म्हणून सांगितलं होतं. त्यावर उत्तर म्हणून तिला शस्त्रक्रिया मिळाली, आणि त्या शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जामुळे पुढच्या हंगामाची उचल आणखी वाढली.

कर्करोगाची भीती खरी की खोटी, हे ठरवणारी तपासणी कशी करायची, ते शेजारच्या जिल्ह्यात २००९मध्येच सिद्ध झालं होतं. बहुतेक एचपीव्ही संसर्ग शरीर आपणहून घालवतं. जे टिकतात, त्यांतून कर्करोग व्हायला सहसा अनेक वर्षं लागतात, आणि त्या आधीचा दोष अतिथंड उपचाराने (क्रायोथेरपीने), गर्भाशय न काढता, नाहीसा करता येतो. संसर्गामुळे जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यासाठी गोळ्या पुरतात. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कोयता चालवणाऱ्या हातांसाठी हे फार मोठं नुकसान आहे. बीडमध्ये नंतर या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. परवानगीने कात्री थांबते. पण पांढरं जाणं तसंच राहतं, आणि त्यावरचा साधा उपचार फडापर्यंत पोचवायचं काम अजून शिल्लक आहे.

कायदा आहे, दार नाही

गर्भपाताला भारतात १९७१च्या कायद्याने परवानगी आहे. त्या कायद्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. २०२१च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आणलं. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला, आणि अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, असंही स्पष्ट केलं.

तरी २०१५मध्ये देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी ७३ टक्के कुठल्याही रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले, असं आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि गुटमाखर इन्स्टिट्यूट यांच्या अभ्यासातून पुढे आलं. रुग्णालयात ‘लग्न झालंय का’, ‘नवऱ्याची सही कुठाय’ असे प्रश्न येतात. प्रौढ स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, तरीही. औषधाच्या दुकानात ते विचारलं जात नाही. महाराष्ट्रात तर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईचा धसका घेऊन दुकानदार या गोळ्या ठेवायलाही कचरू लागले. खरं तर या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरायच्या, आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतही नाही.

पुरुषही या लाजेतून सुटलेले नाहीत, फक्त त्यांच्यावतीने दुसरं कुणी तरी भरपाई करतं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, पुष्कळशा जबरदस्तीने. त्या धक्क्यानंतर यंत्रणेने मोर्चा बायकांकडे वळवला तो आजतागायत. २०१९-२१च्या सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, आणि पौरुषावर तिचा काही परिणाम होत नाही. याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्याची चिंता करायचं कारण नाही.

प्रश्नावली कुणापुढे ठेवायची

पीएच.डी.च्या विद्यार्थिनीपुढचा रस्ता इथून सुरू होतो. तिला आधी साध्या गोष्टी जमवाव्या लागतात. ओसरीवर सासू बसलेली असताना घेतलेली मुलाखत कुचकामी असते. बाईला शेतावरून परतायला, चूल उरकायला वेळ द्यावा लागतो. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, संमती समजेल अशा बोलीत, आणि मध्येच ‘पुरे’ म्हणायची मुभा. गर्भपातासारखा विषय असेल तर स्वतःबद्दल न विचारता ‘तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबद्दल’ विचारण्याची पद्धत संशोधकांनी वापरली आहे. तिच्यातून थेट प्रश्नाने न कळणाऱ्या गोष्टी कळतात. मुलाखतीत आजार कळला, मारहाण कळली, तर बाईला पाठवायचं कुठे याची यादी आधीच तयार लागते.

त्यापुढची निवड अवघड आहे: मोजायचं कुणाला? २०१४मध्ये घाना आणि झाम्बियातल्या कामावरून गर्भपाताभोवतीचा कलंक मोजायची जी मोजपट्टी तयार झाली, ती गर्भपात केलेल्या बाईऐवजी तिच्या समाजाला प्रश्न विचारते: अशा बाईला तुम्ही वाईट समजता का, तिला वाळीत टाकाल का, तिच्यामुळे इतर बिघडतील असं वाटतं का? हीच दिशा आपल्याकडे आणखी पुढे नेता येईल. प्रश्नावली घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे जावं, मुकादमाकडे, औषध दुकानदाराकडे, मुख्याध्यापकांकडे. आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीला आतून कडी आहे का, पडदा आहे का, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाई डॉक्टर असते का, केसपेपरवरचा आजार सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला जातो का, अॅसिटिक अॅसिडची बाटली भरलेली आहे का, याची नोंद करावी. हे लिहून काढायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

पुणे जिल्ह्यात ‘मासूम’ संस्थेच्या सदाफुली केंद्रांत गावातल्याच प्रशिक्षित बायका इतर बायकांची तपासणी करतात, बाईला स्वतःचं शरीर समजून घ्यायला शिकवतात. राज्याच्या ‘मैत्री’ क्लिनिकांमध्ये किशोरवयीन मुलामुलींनी यावं अशी योजना आहे. एका तालुक्यातली अशी सगळी ठिकाणं घ्यावीत, कुठे बाया येतात आणि कुठे येत नाहीत ते पाहावं, आणि दोन ठिकाणांमध्ये नेमका काय फरक आहे ते शोधावं. हा पीएच.डी.चा भक्कम विषय आहे. त्याचे निष्कर्ष विद्यापीठाच्या ग्रंथालयाबरोबर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर, आणि ऊसतोड निघायच्या आधी, ऑक्टोबरात, गावच्या आशाताईंच्या हातात पोचले पाहिजेत. कारण बैलगाड्या आणि ट्रक निघाले की पुढचे पाच-सहा महिने त्या बायका कुठल्याच आरोग्य केंद्राच्या हद्दीत नसतात, आणि त्यांच्यासाठीची तपासणी फडावरच न्यावी लागेल.